झोळीसमोरची भिंत

दुपारचा भोंगा झाला की धाकटी घमेलं पालथं घालायची, त्यावर डोक्यावरची चुंबळ ठेवायची आणि थेट झोळ्यांकडे निघायची. हातपाय धुवायला टाकीवर जावं, तर तिथं पुरुषांची ही गर्दी. तेवढ्यात बाळ रडून रडून लालबुंद व्हायचं आणि मग प्यायचंच नाही, रुसल्यासारखं तोंड फिरवायचं. म्हणून ती झोळीखाली पाण्याचा तांब्या भरून ठेवायची. थोडं पाणी हातांना, थोडं छातीला, उरलेलं घशात. सिमेंटनं बोटांची कातडी अशी झाली होती की बाळाच्या गालाला हात लावायची तिला भीती वाटे. ती मनगटाच्या आतल्या बाजूनं त्याला कुरवाळायची. तेवढीच जागा मऊ उरली होती.

धाकटी हे काही तिचं नाव नव्हे. घरात ती धाकटी सून आणि कामावर सगळ्या बायकांत वयानं धाकटी, म्हणून दोन्हीकडं तेच चिकटलं.

घरच्या शेताचे भावाभावांत तुकडे होत होत यांच्या वाट्याला जे आलं, त्यात बैल उभा केला तर शेपूट शेजाऱ्याच्या हद्दीत जायचं. तेव्हा सासूच्या भावानं निरोप धाडला. तो मुकादम होता. गावाबाहेर धान्याचं मोठं कोठार बांधायचं काम त्याच्याकडं होतं. ‘माणसं पाठव,’ म्हणाला. माणसं म्हणजे सासू, नवरा, धाकटी आणि तिच्या पोटात असलेलं बाळ. नवरा सळया बांधायचा, धाकटी घमेली वाहायची, सासू मुकादमाचा आणि त्याच्या माणसांचा स्वयंपाक करायची. मुकादमाला सगळेच मामा म्हणत. नवऱ्याचा तो खरा मामा, बाकीच्यांचा नुसता म्हणायला.

कोठाराला तळघर होतं. त्यासाठी खणलेला खड्डा इतका खोल, की तळाशी सळया बांधणाऱ्या माणसांची वरून नुसती डोकी दिसत. खणलेली काळी माती लांब नेऊन टाकायला ट्रक लागतात. ट्रकाला वेळ लागतो. म्हणून ती खड्ड्याच्या एका काठावर रचली होती. तिचा डोंगर झाला होता. त्या डोंगराच्या बाजूला, काठावरच, मामांची मोटारसायकल उभी असे. त्या डोंगरासमोरच्या काठावर एक झाड होतं. त्याच्या फांदीला तीन झोळ्या बांधलेल्या होत्या. एक धाकटीची, एक लांबडीची आणि एक बडबडीची.

लांबडी नावाप्रमाणं उंच आणि अबोल. बडबडीला मात्र देवानं जीभ देताना मोजमाप विसरून दिली होती. ती पाजता पाजता बोलायची, घमेलं उचलता उचलता बोलायची. एकदा झोपेतही बोलत होती आणि शेजारच्या खोलीतल्या बाईनं उत्तरही दिलं होतं.

‘‘काय गं धाकटे, समोर काय बघत बसतेस रोज? नवरा दिसतो होय?’’

‘‘नाही गं.’’

‘‘मग? भिंतीवर सिनेमा चाललाय का?’’

धाकटी भिंतच बघत होती. पाऊस बरेच दिवस चिवटपणे लागून राहिला होता आणि आता कडक ऊन पडलं होतं. अशा वेळी काळी माती काय करते ते तिला ठाऊक होतं. डोंगराखालच्या त्या उभ्या भिंतीला वरून एक तिरकी चीर आली होती. चिरेतून कसलंसं मूळ लोंबत होतं. परवा मुळाचं नुसतं टोक दिसत होतं. आज ते हातभर बाहेर आलं होतं. मूळ वाढत नव्हतं. माती पुढं सरकत होती.

ती लहान असताना माहेरी विहीर खणत होते. तिचा थोरला भाऊ खाली होता. ती वर दोर धरून बसली होती, बादली वर आली की ओतायची म्हणून. दोर एकदम सैल झाला. एवढंच झालं. माती पडताना आवाज करत नाही, हे तिला तेव्हा कळलं. आवाज माणसं करतात, नंतर.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून पकडीला तेल घालत होता.

‘‘अहो, त्या भिंतीला चीर गेलीय. झोळीपाशी बसलं की समोर दिसते. मूळ लोंबतंय बघा.’’

‘‘आम्हाला खालून काही दिसत नाही.’’

‘‘खालून कसं दिसेल? तुम्ही तिच्या पायाशी वाकलेले.’’

‘‘मामांना कळत नाही होय? जन्म गेला त्यांचा यात.’’

‘‘सांगून तर बघा.’’

तो पकड उघडत राहिला, मिटत राहिला. ‘‘मागं पाण्याच्या पंपावाल्यानं असंच काही सांगितलं. दुसऱ्या दिवशी पंप होता, पंपवाला नव्हता.’’

आत सासू भांडी आदळत होती. तिला ऐकू आलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मग ती म्हणाली, ‘‘माझ्या भावानं पोटाला लावलं तुम्हाला. ज्या ताटात जेवायचं त्यातच माती कालवू नका.’’ म्हणजे ऐकू आलं होतं.

*

पोरांना सुई टोचायला पांढरी गाडी यायची. गाडीत एक नर्स असे. खोल्यांतल्या सगळ्या बायका तिला सुईबाई म्हणत. बाई तोंडानं फटकळ, हातानं हलकी. बाळाला कळायच्या आत सुई आत जाऊन बाहेर यायची, आणि बाळ विचारात पडल्यासारखं क्षणभर थांबून मग रडायचं.

त्या दिवशी तिनं बाळाला टोचलं आणि धाकटीकडं निरखून बघितलं. ‘‘तुझा चेहरा असा का? झोपत नाहीस?’’

‘‘झोपते की.’’

‘‘खोटं. डोळ्यांखाली शाई सांडलीय.’’

धाकटीनं सांगितलं. का सांगितलं ते तिलाही कळलं नाही. गाडीत स्पिरिटचा वास होता, स्वच्छ चादर होती, कोणी ओरडत नव्हतं. तेवढंच कारण असेल.

सुईबाईनं गाडीचं दार ओढून घेतलं. ‘‘हे बघ, एक नंबर आहे. कामाच्या जागी धोका असेल तर तिथं सांगायचं. नाव विचारत नाहीत. गाव विचारत नाहीत. जागा कुठली आणि काय दिसतं, एवढंच.’’

‘‘आणि फोन कुणाचा ते कळतं ना त्यांना?’’

‘‘माझ्या फोनवरून कर. कळलं तर मी कळेन. मला कोण काढतंय? ह्या खोल्यांतल्या पोरांना सुया टोचायला दुसरी कोणी तयार होत नाही.’’

पलीकडून एका बाईचाच आवाज आला. शांत, रोज हेच ऐकणारा. ‘‘सांगा ताई. घाई नाही. काय दिसतंय?’’

धाकटीनं डोळे मिटले. आठवायचं तर ती रोज जिथं बसते तिथूनच आठवणार. ‘‘आमच्या झोळ्या बांधल्यात ना, तिथं बसलं की समोरच्या भिंतीला वरून तिरकी चीर दिसते. तिच्यातून मूळ लोंबतंय. वर मातीचा डोंगर आहे. खाली माणसं आहेत.’’

‘‘तुमचं कोणी आहे का खाली?’’

धाकटीनं बाळाला छातीशी ओढून घेतलं.

‘‘ते सांगायची गरज नाही,’’ पलीकडची बाई म्हणाली. ‘‘तुम्ही सांगितलंत तसंच लिहिलंय.’’

*

तपासणीचा साहेब आला तो स्वतःच्या गाडीतून, स्वतःचा पिवळा टोप डोक्यावर घालून. मामा हात जोडून पुढं झाले. साहेब तरुण होता, सरळ होता, आणि त्याचा आवाज मोठा होता. काठावर उभं राहून त्यानं मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि सगळ्यांच्या देखत वाचलं.

‘‘तक्रार आलीय. ‘झोळ्या बांधल्यात तिथं बसलं की समोरच्या भिंतीला वरून तिरकी चीर दिसते. तिच्यातून मूळ लोंबतंय.’ कुठं आहेत झोळ्या?’’

मिक्सर घरघरत होता तो कोणीतरी बंद केला. खाली नवऱ्यानं मान वर केली आणि डोक्यावर घमेलं घेऊन उभ्या असलेल्या धाकटीकडं बघितलं. हेच शब्द त्यानं उंबऱ्यावर ऐकले होते. मग त्यानं मान खाली घातली आणि तारेला पीळ घातला.

साहेब झाडाखाली गेला. झोळ्यांच्या मधे उकिडवा बसला. बडबडीचं पोर त्याच्याकडं बघून खुदकन हसलं. साहेबानं समोर बघितलं, बराच वेळ.

‘‘बरोबर आहे,’’ तो म्हणाला. ‘‘इथूनच दिसतं.’’

काम थांबलं. भिंतीला टेकू द्या, डोंगर हलवा, तोवर खाली कोणी उतरायचं नाही. मामा ‘होय साहेब’ म्हणत राहिले. गाडी गेली. मामांनी खांद्यावरचा पंचा काढला, झटकला, परत खांद्यावर ठेवला. ते कधी ओरडत नसत. ओरडणाऱ्या माणसाचं बरं असतं, त्याचं संपतं तरी.

‘‘तीन झोळ्या,’’ मामा म्हणाले. ‘‘तीन आया. पोरींनो, इकडं या बघू.’’

तिघी गेल्या.

‘‘मी काही विचारत नाही. साहेब म्हणाले, धोका आहे. माझंही तेच म्हणणं. लेकराबाळांना असल्या जागी ठेवायचं म्हणजे पाप. आजपासून झोळ्या बंद.’’ त्यांनी स्वतःच्या हातानं फांदीवरचे दोर सोडले. बाळांना जपून, एकेकीच्या हातात देत देत सोडले. बडबडीचं पोर त्यांच्या हाताकडं बघूनही हसलं. ‘‘आणि बाळा,’’ ते बडबडीला म्हणाले, ‘‘तू उद्यापासून येऊ नकोस. तुझी जीभ दमली असेल. विश्रांती घे.’’

बडबडीनं तोंड उघडलं. आता ही काय काय बोलेल म्हणून सगळे वाट बघत राहिले. तिनं तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा बोचकं डोक्यावर घेऊन पुढं चालत होता. धाकटी टाकीवर होती. बडबडी वाट वाकडी करून तिच्यापाशी आली.

‘‘मी सांगितलं असतं ना गं, तर नाव, गाव, आजीचं माहेर, सगळं सांगून मोकळी झाले असते. इतकं नेमकं बोलायला मला जमलं असतं का?’’

धाकटीच्या हातातली बादली भरून वाहत होती.

‘‘नळ बंद कर,’’ बडबडी म्हणाली. ‘‘पाणी वाया जातंय.’’ आणि गेली.

धाकटीला रडू आलं नाही. आपल्याला रडू यायला हवं, असं तिला वाटलं, आणि ती बादली उचलून निघाली.

‘‘गेली ती बरी झाली,’’ रात्रीच्या जेवणाला सासू म्हणाली. ‘‘सुंठीवाचून खोकला गेला.’’ नवरा ताटाकडं बघत जेवत होता. त्यानं त्या दिवशी काही विचारलं नाही, नंतरही नाही. बाळाला मात्र उगाच जास्त वेळ मांडीवर घेऊन बसला.

*

टेकू लागले. हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे वासे, भिंतीला नुसते रेलून ठेवलेले, दमलेल्या पाहुण्यासारखे. डोंगरावरची थोडी माती हलली. भिंतीवर निळी ताडपत्री सोडली, माती भिजू नये म्हणून. डोंगराच्या काठाला पत्रे उभे केले आणि त्यावर तांबड्या रंगानं लिहिलं : धोका, आत येऊ नये. त्या सगळ्याचे फोटो साहेबाला गेले आणि काम सुरू झालं. नवरा परत खाली उतरला. आता वरून भिंत दिसत नव्हती, ताडपत्री दिसत होती. वाऱ्यानं ती पोटासारखी फुगायची आणि बसायची.

बाळ आता खोलीवर सासूपाशी राहायचं. खोल्या लांब. दुपारच्या सुट्टीत धावत जाऊन पाजून परत यावं, तर निम्मी सुट्टी वाटेतच जायची. सकाळचं दूध दुपारपर्यंत दगड होऊन बसायचं. घमेलं डोक्यावर घेताना हात वर केले की काखेपर्यंत कळ जायची. अंगावरचं कापड ओलं व्हायचं आणि त्यावर सिमेंट बसून त्याचा पापुद्रा धरायचा. एकदा माल कालवणारा एकजण म्हणाला, ‘‘वहिनी, पाणी कमी टाकू का? तुमचंच पुरेल.’’ बाकीचे हसले. त्यात वाईट कोणी नव्हतं. कामावर हसायला काहीतरी लागतं.

ती विटांच्या थप्पीमागं गेली आणि पिळून दूध काढलं. विटांवर पांढरे थेंब पडले आणि कोरड्या विटांनी ते लगेच शोषून घेतले. निदान कोणीतरी प्यायलं, असं तिला वाटलं.

मग मामांनीच तिला बोलावलं. ‘‘सूनबाई, तू सकाळी माझं ऑफिस झाडत जा. घमेली वाहून वाळलीस. शेवटी घरचीच आहेस, विश्वासाची.’’ बोलताना ते तिच्याकडं बघत नव्हते. त्यांना संशय होता की नव्हता, ते कळलं नाही. तिला ते कळावंसंही वाटलं नाही. झाडायला लागली.

ऑफिस म्हणजे पत्र्याचीच खोली, पण विटांच्या ओट्यावर उचललेली. आत टेबल, मामांची हातांची खुर्ची, वर पंखा. सगळ्या कामावर पंखा तेवढा एकच. त्यामुळं मामा नसले की तिथं कोणी ना कोणी ठाण मांडून असायचं. ट्रकवाला यायचा, सिमेंटचा एजंट यायचा, इंजिनिअर तर चपला काढून पाय टेबलावर घ्यायचा. सकाळी मात्र खोली रिकामी असे.

टेबलाखालचं झाडता झाडता एकदा तिच्या कमरेत उसण भरली. ती उठायला गेली आणि आधाराला खुर्ची धरली. खुर्ची फिरली, आणि ती तिच्यात बसली गेली. बसल्यावर कळलं की बसलोय. गादी होती. बाळ झाल्यापासून ती पाठ टेकून कशावर बसली नव्हती. तिनं तसंच बसून समोर बघितलं.

समोर खिडकी होती.

खिडकीतून डोंगराच्या बाजूचा काठ दिसत होता, पत्र्यांच्या आतला. बाहेरून जो कोणालाच दिसत नव्हता तो. भिंत आणि ताडपत्री यांच्यामधली फट दिसत होती. काठावर, मोटारसायकल उभी राहायची त्या जागी, तेलाचा काळा डाग होता. वर्षभर ठिबकून ठिबकून ताटाएवढा झालेला. तो डाग मधोमध फाटला होता. अर्धा होता तिथं होता. अर्धा वीतभर खाली गेला होता.

मोटारसायकल तिथं नव्हती. ती हल्ली ऑफिसच्या मागं, पक्क्या ओट्यावर उभी असे. साहेब आला त्याच्याही आधीपासून. धाकटीला आठवलं, एके दिवशी मामांनी गाडी ढकलत तिकडं नेली तेव्हा बडबडी म्हणाली होती, ‘‘मामा, गाडी काळी पडेल म्हणून सावलीत का? आम्ही काय मुळातच काळ्या!’’ आणि मामा सगळ्यांत जास्त हसले होते.

तिला राग यायला हवा होता. आला नाही. ती उठली. खुर्ची होती तशी वळवून ठेवली. राहिलेला केर भरला.

*

‘‘अहो.’’

‘‘हं.’’

‘‘मामांनी गाडी हलवली.’’

‘‘सावलीत लावतात हल्ली.’’

‘‘तेलाचा डाग फाटलाय. खुर्चीतून दिसतो.’’

नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्यानं दाराकडं बघितलं. सासू बाहेर चुलीपाशी होती. मग त्यानं घास तोंडात घातला आणि चावत राहिला, चावत राहिला, जणू तो संपणारच नव्हता.

‘‘उद्या उतरू नका.’’

‘‘मामा काय म्हणतील?’’

‘‘मामा काय म्हणायचेत? ते गाडी हलवून मोकळे झाले.’’

सकाळी त्यानं पकड कमरेला खोचली आणि गेला. जाताना बाळाच्या पायाच्या अंगठ्याला चिमटीत धरलं आणि सोडलं.

पांढरी गाडी त्या दिवशी पलीकडच्या खोल्यांवर आली होती. धाकटीनं ऑफिस झाडलं आणि तशीच खोलीवर आली. बाळाला उचललं.

‘‘सुईबाईकडं जाऊन येते. अंग तापलंय याचं.’’

सासूनं बाळाच्या कपाळाला हात लावला. ‘‘गार आहे की.’’

‘‘आतून आहे.’’

बाळ दोघींकडं आळीपाळीनं बघत हसलं. सासूनं सुनेकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले, पण बघायचं ते बघत असे. तिचाही लेक खालीच होता. ‘‘मग उन्हातनं नको नेऊस,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘बांधाच्या कडेनं जा. तिकडं कोणी नसतं.’’

सुईबाईनं दार ओढून घेतलं. बडबडीचं तिच्या कानावर आलं होतं. ‘‘चुकलं माझं,’’ ती म्हणाली. ‘‘नाव लपवायला सांगितलं, पण जागाही नावच असते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. या वेळी काय दिसतं तेवढंच सांग. कुठून दिसतं ते अजिबात सांगू नकोस.’’

‘‘नाही बाई,’’ धाकटी म्हणाली. ‘‘या वेळी कुठून तेच सांगते.’’

फोनवर तोच शांत आवाज होता. धाकटीनं तेलाचा डाग सांगितला, वीतभर खचलेला काठ सांगितला, रेललेले वासे सांगितले.

‘‘आणि हे कुठून दिसतं, ताई? तुम्हाला सांगायचं असेल तरच.’’

‘‘खुर्चीतून,’’ धाकटी म्हणाली. ‘‘मुकादमाच्या खुर्चीत बसलं, की समोर दिसतं. दुसरीकडून कुठूनच दिसत नाही.’’

पलीकडून लिहिल्याचा आवाज आला.

*

साहेब या वेळी काठावर गेलाच नाही. त्यानं मोबाइलही काढला नाही. सरळ ऑफिसात शिरला. मामा मागोमाग गेले आणि दारातच थांबले, कारण साहेब त्यांच्या खुर्चीत बसला होता. तो खिडकीतून बघत होता. पंखा फिरत होता. उंबऱ्याशी केरसुणी घेऊन धाकटी उभी होती. तिच्याकडं कोणाचंच लक्ष नव्हतं.

‘‘मुकादम,’’ साहेबाचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. ‘‘हे तुम्हाला रोज दिसत असेल.’’

मामांनी पंचा काढला. झटकला नाही. हातात धरून राहिले.

साहेब बाहेर आला आणि काठावरून ओरडला, ‘‘सगळे वर या. हत्यारं राहू द्या. वर या आत्ता.’’ माणसं शिडीवरून एकेक येऊ लागली. धाकटी शिडीकडं बघत राहिली. येणारं प्रत्येक डोकं आधी त्याचंच वाटायचं आणि मग दुसऱ्या कोणाचं तरी निघायचं. तो सगळ्यांत शेवटी आला. हातात पकड होती. सोडून यायचं त्याला जमलं नव्हतं.

शिडी वर ओढून घेतली. ट्रकांच्या फाटकाला कुलूप लागलं. कामाचं पुढं काय ते साहेबाच्या वरचा साहेब ठरवणार होता. तोवर जायचं तर कुठं, म्हणून सगळे तिथंच राहिले, सावलीच्या मागं सरकत, बसून.

मामांनी शोध घेतला. ट्रकवाल्याला विचारलं, एजंटला विचारलं. इंजिनिअरचा तर त्यांना पक्का संशय आला आणि इंजिनिअरला त्यांचा. दोघे एकमेकांशी गोड बोलायला लागले. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते हेच. शेवटी त्यांनी भाच्याला गाठलं. धाकटी खोलीच्या आत होती. तिला पत्र्यातून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

‘‘खरं सांग. माझ्या खुर्चीत कोण बसतं?’’

बाळाला थोपटणारा धाकटीचा हात थांबला.

‘‘सगळेच बसतात मामा,’’ तो म्हणाला. ‘‘पंखा तिथंच आहे ना.’’

‘‘तू बसलास कधी?’’

‘‘मी कुठला? मी खाली असायचो.’’

मामांची पावलं लांब गेली.

दोन दिवस ऊन तसंच होतं. काम नव्हतं, म्हणून नियमही नव्हते. धाकटीनं झोळी परत झाडाला बांधली. शेजारी लांबडीनंही बांधली. तिसऱ्या दोराची फांदीवरची खूण तेवढी मोकळी राहिली. दुपारी धाकटी बाळाला अंगावर घेऊन बसली होती. दूध पुन्हा वाहतं झालं होतं. बाळ एका हातानं तिच्या गळ्यातला दोरा ओढत होतं.

समोर ताडपत्री फुगली. वारा नव्हता.

मग ती खाली गेली. तिच्यामागं काठ गेला, पत्रे गेले, ‘आत येऊ नये’ गेलं, अर्धा डोंगर गेला. वासे कुठं गेले ते दिसलंच नाही. सगळं सावकाश झालं, झोपेत कूस बदलावी तसं. बाळानं चोखायचं थांबवलंसुद्धा नाही.

सावलीतली माणसं उभी राहिली. काठाशी येऊन खाली बघू लागली. सळयांची काही टोकं मातीतून वर आलेली दिसत होती, वाकलेली, आणि प्रत्येक टोकावर तारेचा पीळ होता. धाकटी वाट बघत राहिली. या वेळी नंतरही कोणी आवाज केला नाही. जिनं केला असता, ती गेली होती.

नवरा काठावरून मागं फिरला. झाडाखाली आला आणि रिकाम्या खुणेखाली, बडबडी बसायची तिथं टेकला. तो इथं कधी बसला नव्हता. दुपारभर तो खाली असे. त्यानं समोर बघितलं. मग अजून जरा बघितलं.

‘‘इथून बरंच दिसतं गं,’’ तो म्हणाला.

धाकटीनं बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं.